बोटीवरचं आवतन

बोटीवर जाऊन आल्यापासून छावणीतल्या, म्हणजे शहरातल्या आमच्या वस्तीतल्या, बायका मला भाजीच्या गाड्यापाशी अडवतात आणि तेच ते विचारतात. मळमळलं का? खायला काय होतं? भीती नाही वाटली? मळमळलं नाही. खायला इतकं होतं की नुसतं बघूनच ढेकर यावी. आणि भीती वाटली, पण पाण्याची नाही. जी भीती घेऊन मी त्या बोटीवर चढले, ती कोथिंबिरीची जुडी हातात धरून सांगण्यासारखी नाही, म्हणून हे लिहून काढते.

आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझं माहेर पिशोर, कन्नड तालुक्यातलं. आमच्यात लग्न झालेली लेक माहेरी आपल्या पायानं जात नाही. माहेरच्या माणसानं तिला न्यायला यावं लागतं. ह्या न्यायला येण्याला मूळ म्हणतात आणि येणाऱ्याला मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला की त्याला गोडाधोडाचं घालायचं, आणि मग तो पुढं पिशवी घेऊन, लेक मागं, असं दोघांनी निघायचं. माझा मुऱ्हाळी म्हणजे आण्णा, माझा थोरला भाऊ. दर आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तो सकाळच्या एसटीनं यायचा. मला लेकरू झालं, माझे केस पिकले, मालक गेले, मुलगा बंगळुरूला नोकरीला जाऊन तिथलाच झाला, तरी आण्णा यायचा. छावणीतल्या शाळेत मी शिवण शिकवायची. त्या दिवसांत मी मुलींना आधीच सांगून ठेवायची की बाई आठ दिवस नाहीत, बाई माहेरी जाणार.

पाच-सहा वर्षांपूर्वी आण्णा यायचा थांबला. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आण्णाचा मुलगा संतोष फोनवर म्हणायचा, "आत्या, कधीपण ये की." आता कधीपण म्हणजे कधीच नाही, हे त्याला कोण सांगणार? मी गेले नाही. बोलायला घरात शिलाई मशीन तेवढं उरलं.

आणि एक दिवस त्याच संतोषचा फोन आला की आण्णांना ऐंशी पूर्ण झाली, सहस्रचंद्रदर्शन करायचंय, पण गावात मांडव न घालता सगळ्या गोतावळ्याला बोटीनं फिरवून आणायचंय. संतोष आल्याचा व्यापार करतो. त्या साली आल्यानं सगळ्यांना हात दिला होता. मुंबईहून कोचीला जायचं, आणि परत. "आत्या, तुला यायचंच आहे," असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. समुद्र बघायला नाही. आण्णा मला पिशोरला चल म्हणतो की नाही, ते बघायला. म्हणाला तर मला माहेर आहे. नाही म्हणाला तर नाही. सत्तरीला आलेल्या बाईला ही कसली भीती, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

नगर नाका

पिशोरहून निघालेली बस मला नगर नाक्यावर घेणार होती. मी पिशवी आणि दशम्यांचा डबा घेऊन सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन उभी राहिले. हे मूळ धरायचं का, असा विचार उभ्या उभ्या केला आणि नाही असं ठरवलं. नाक्यावरून उचलतात ते पार्सल.

बसमध्ये लहान-मोठी धरून पंचवीसच्या आसपास माणसं होती. धाकटा भाऊ कधीचा पिशोर सोडून सिल्लोडला वेगळा राहिलेला, त्याचीही माणसं आली होती. पोरांच्या गळ्यात काळे चष्मे लटकत होते. आण्णा अगदी पुढं खिडकीशी, पांढरं धोतर, टोपी, मांडीवर काठी. इतका वाळलेला दिसला की मला पायरीवरच थांबावं लागलं. "शके, आलीस व्हय," एवढंच तो म्हणाला, तोवर मागून कुणीतरी मला सरका म्हणालं आणि मी शेवटच्या सीटवर जाऊन पोचले.

मुंबईच्या धक्क्यावर बोट पाहिली तेव्हा कळेना की बोट कुठली. मी पाण्यात शोधत होते आणि समोर एक पांढरी वसाहतच्या वसाहत उभी होती. मजल्यावर मजले, गॅलऱ्या, वर पाण्याची घसरगुंडी. वहिनी, म्हणजे आण्णाची बायको, मान वर करून म्हणाली, "आगं बया, हे तरंगतं कसं?"

संतोषनं खोल्या वाटल्या. आठव्या मजल्यावर गॅलरीच्या खोल्या, एकेका खोलीत तिघं-चौघं, सगळी एका ओळीत. मी एकटी उरले, म्हणून मला पाचव्या मजल्यावर आतली खोली मिळाली. "आत्या, तुला निवांत," असं तो कौतुकानं म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. खोली छान होती, पलंग मऊ होता, फक्त खिडकी नव्हती. दिवा मालवला की डोळे उघडे काय न् मिटलेले काय, सारखंच. टीव्हीवर एका ठिकाणी बोटीच्या नाकासमोरचा समुद्र दिसत राहतो. पुढं रोज मी समुद्रात बसून टीव्हीवर समुद्र बघत होते.

निघण्याआधी संकटात कुठं जमायचं त्याची तालीम झाली. ज्याच्या त्याच्या खोलीप्रमाणं जागा. घरचे सगळे एकीकडं आणि मी दुसरीकडं, अनोळखी माणसांच्या रांगेत. बोट बुडाली तरी आपण वेगळ्याच होडीत, असं मनात आलं आणि हसू आलं. मग हसू गेलं.

पहिली संध्याकाळ

ह्या तालमीनंतर संतोष सगळ्यांना उद्देशून म्हणाला होता, "साडेसातला वर जेवायला." मी खोलीत गेले, तोंड धुतलं, इस्त्रीची साडी नेसले आणि पलंगाच्या काठावर बसले. कुणीतरी न्यायला येईल म्हणून.

तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं की साडेसातला. सांगितलं होतं, ते आवतन. आमच्या गावात जेवणाचं आवतन सकाळीच मिळतं, पण म्हणून कुणी उठून चालायला लागत नाही. पानं मांडली की घरचं माणूस परत दारोदार येतं आणि "चला, पानं वाढलीत" म्हणतं, तेव्हा चपला घालायच्या. त्या दुसऱ्या बोलावण्याआधी जो जातो त्याला गाव हावरा म्हणतं. हे मला कुणी शिकवलं नाही, अंगातच आहे. मी बसून राहिले. बाहेरून माणसं हसत जात होती, दारं आपटत होती. एकदा दारावर टकटक झाली, मी धावत जाऊन उघडलं, तर खोली आवरणारे गोव्याचे गृहस्थ टॉवेलचा हत्ती करून घेऊन उभे होते. हत्ती सुंदर होता. मी त्याला समोर ठेवला, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि टीव्हीवरचा काळा समुद्र बघत झोपी गेले.

सकाळी नाश्त्याला संतोषची बायको ज्योती भेटली. शहरात वाढलेली, गोड स्वभावाची पोर.

"आत्या, काल जेवायला का नाही आलात? आम्हाला वाटलं बोट लागली म्हणून पडल्यात."

"बोलावलं कुणी?"

"अहो, ह्यांनी सांगितलं होतं ना सगळ्यांना!"

मी म्हटलं, "हो गं, विसरलेच." काय सांगणार? तिच्या जागी ती बरोबर होती. तिच्या जगात एकदा सांगितलं की सांगितलं.

नुसतं पाणी

दुसरा दिवस नुसता पाण्याचा. ज्यांनी समुद्र काठावरून पाहिलाय त्यांना सांगते, मधून तो फार वेगळा आहे. काठावर लाटा येतात-जातात, काहीतरी चाललेलं असतं. मध्ये काही चाललेलं नसतं. सगळीकडून सारखं वाकलेलं पाणी, आणि आपण ताटलीच्या मधोमध ठेवल्यासारखे. रंग सकाळी शाईचा, दुपारी गारेगार निळा. आण्णा वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत बसून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "एवढं पानी, अन् एक वाफा भिजायचा नाय." अंजना नदीच्या काठाला ज्यानं जन्मभर पाण्याची वाट पाहिली, त्याला दुसरं काय सुचणार?

आमच्या मंडळींनी बोटीची पिशोरची जत्रा केली. जेवणाच्या हॉलात दक्षिणेचं, पंजाबचं, इटलीचं सगळं मांडलेलं, पण आमच्या टेबलावर आधी ठेच्याची बाटली आणि जवसाची चटणी निघायची. धाकट्या भावानं नूडल्सवर ठेचा घालून खाल्ला आणि शेजारच्या टेबलावरच्या मद्रासी कुटुंबालाही दिला. त्यांचे डोळे पाणावले तरी त्यांनी परत मागितला. वहिनी पोहण्याच्या हौदाच्या कडेला नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळून पाय सोडून बसली. तिथल्या रखवालदारानं पोहण्याचे कपडे हवेत असं खुणेनं सांगितलं तर म्हणाली, "मी पव्हाया नाय आले बाबा, पाय गार कराया बसले." तो हात जोडून निघून गेला.

मी हसले सगळ्यांबरोबर. पण खरं सांगू? छावणीतल्या घरात मी एकटी असते तेव्हा एकटी असते, त्यात फसवणूक नसते. इथं सगळे माझेच होते. प्रत्येक जण जाता जाता "आत्या, मजा येतेय ना?" विचारायचा आणि उत्तराआधी पुढं जायचा. मी कुणाच्या वाईटात नव्हते आणि कुणाच्या हिशेबातही नव्हते. असलं एकटेपण मी आधी पाहिलं नव्हतं आणि कुणाला दिसू नये असं वाटे.

दुपारी आण्णाच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली तशी मी जाऊन बसले. म्हटलं, आता. "आण्णा," मी म्हटलं, "आखिती आलीच की आता." त्यानं कानामागं हात धरला. कानातलं यंत्र तो खोलीत विसरला होता. मी मोठ्यानं म्हटलं, "आखिती!" आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात नातवंडं आली, आण्णाच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, मोबाईलमध्ये फोटो काढायला लागली आणि मला म्हणाली, "आत्याआजी, जरा बाजूला होता का?" मी झाले.

नंतर ज्योती आपण होऊन जवळ आली. "आत्या, तुम्ही येतच नाही हो पिशोरला. आण्णा सारखे म्हणतात, शकू येत नाय, शकू येत नाय."

"न्यायला कोण आलं गं?"

"त्यात काय! दोन तासांचा तर रस्ता. हे कितीदा म्हणाले, मला धंद्यातून निघणं होत नाही, गाडी पाठवतो, ड्रायव्हर आणेल. आण्णांनाच काय होतं कुणास ठाऊक, नको म्हणतात."

आण्णाच नको म्हणतो. म्हणजे कुणी विसरलं नव्हतं. ज्यानं न्यायला यायचं त्यानंच नको म्हटलं होतं.

कोची

सकाळी बोट कोचीला लागली. वर गेले तर हिरवा काठ, नारळी, आणि दूरवर पाण्यात उतरणारी ती मोठाली जाळी, झोळी पसरल्यासारखी. माणसं जाळं ओढताना मुंगीएवढी दिसत होती. हवेत मिठाचा आणि मसाल्याचा वास.

सगळे शहर बघायला उतरणार होते. आण्णाचे गुडघे दुखतात, म्हणजे तो बोटीवरच राहणार असं मी धरलं. मग मीही "जरा अंग दुखतंय" म्हणून थांबले. बोट रिकामी झाल्यावर त्याच्याकडं जायचं आणि समोरासमोर विचारायचं, माझं काय चुकलं म्हणून, असं मी रात्रभर पाठ केलं होतं. आठव्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. वर खुर्च्यांवर बघितलं, हॉलात बघितलं. मग कठड्यापाशी गेले तर खाली धक्क्यावर आमची वरात चालली होती, आणि सगळ्यांच्या पुढं चाकाच्या खुर्चीत आण्णा, डोक्यावर टोपी, टोपीवर कुणीतरी घातलेली फुलांची माळ.

मी त्याच्यासाठी थांबले आणि तो उतरला. त्या एवढ्या मोठ्या बोटीवर दिवसभर मी आणि झाडू-पोछा करणारी माणसं. हॉलात एकटीनं सांबार-भात खाल्ला. वाढणाऱ्यानं दोनदा विचारलं, आणखी कोण येणार आहे? मी म्हटलं, कुणी नाही. कोची बघितली का म्हणून विचारतात, त्यांना मी सांगते, बघितली, कठड्यावरून. संध्याकाळी मंडळी वेलची आणि मिरी घेऊन आली. वहिनीनं माझ्या हातावर चार वेलच्या ठेवल्या आणि म्हणाली, "वन्सं, तुमी असायला पायजे व्हत्या." तिनं मनापासून म्हटलं म्हणून जास्त लागलं.

परतीचा दिवस

परतीच्या दिवशीही पाणीच. संध्याकाळी आण्णाचा खरा सोहळा होता. केक, बोटीवरच्या वाजंत्र्यांचं गाणं, सगळं संतोषनं सांगून ठेवलं होतं. दुपारीच तो मला म्हणाला, "आत्या, आज साडेसहाला. नवी साडी नेस बरं का."

मी नवी साडी नेसले आणि पलंगाच्या काठावर बसले. ह्या वेळी मला सगळं कळत होतं. कुणी येणार नाही, हे कळत होतं. लिफ्टनं वर जायला दोन मिनिटंही लागत नाहीत, हेही. हट्ट म्हणा हवं तर. पण माझ्याजवळ दुसरं काय उरलं होतं? भावानं नको म्हटलेली बहीण त्याच्या सोहळ्याला आपल्या पायानं जाऊन कुठल्या खुर्चीत बसणार? मी टीव्हीवरचा समुद्र लावला. अजून उजेड होता, पाणी तांबूस दिसत होतं.

दार धाडधाड वाजलं. ज्योती होती, धापा टाकत. "आत्या, आण्णा आहेत ना इथं?"

"नाही गं."

"अहो, मघाशीच निघाले, 'शकीला घिऊन येतो' म्हणून! आम्ही म्हटलं येतील त्या, तर ऐकेनात. काठी घेऊन निघाले. लिफ्टपाशी बघितलं, जिन्यात बघितलं, कुठंच नाहीत."

ती वरच्या मजल्याकडं धावली. मी बाहेर पडले. बोटीच्या त्या बोळी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना कशा सांगू? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी दारं, एकसारखी सतरंजी, एकसारखे दिवे. मी नाव घेऊन हाक मारायला लागले. आणि भिंतीपलीकडून, बोटीच्या दुसऱ्या अंगाच्या बोळीतून आवाज आला. काठीनं दार ठोकल्याचा. मग, "शके, ए शके, चल, पानं वाढलीत!" मग पुढचं दार.

आडवी बोळ ओलांडून मी पलीकडं पोचले. तो माझ्याच मजल्यावर होता, फक्त उलट्या अंगाला. चार-पाच दारं उघडी होती आणि माणसं डोकावत होती. एका गुजराती काकूंनी खुर्ची आणून त्याला बसवलं होतं, हातात पाण्याचा पेला दिला होता. "बेन, आपके भाई हैं? कब से सबका दरवाजा ठोक रहे हैं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठीही खुर्ची आणली आणि दार लोटून घेतलं.

"लई घरं हायती गं ह्या बोळीत," आण्णा म्हणाला. "समदी एकसारखी." त्या दिवशी कानात यंत्र होतं.

"तू कशाला आलास? कुणाला तरी पाठवायचं."

"कुनाला धाडू? पोरं म्हनली, सांगितलंय तिला, येईल. म्हनलं, नाय यायची. पयल्या दिशी बी आली नाय. शकी न्यायला गेल्याबिगर येत नाय."

इतक्या वर्षांचं ओठांवर आलेलं परत गिळणं मला जमलं नाही. मी विचारलं, "मग पिशोरला न्यायला का नाही आलास रे? संतोष गाडी पाठवतो म्हणाला तर नको म्हणालास. माझं काय चुकलं?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी काही भलतंच बोलले. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. "गुडघं गेलं माझं. यष्टीची पायरी चढवत नाय. गाडीचं म्हनशील तर मी बी बसून जातो म्हनलं, पोरं म्हनली, तुमी कशाला हाल काढता, डायवर आनंल. मग संतोषला म्हनलं, खबरदार. रिकामी गाडी धाडून कुनी बहीन आनतं का? ती काय आल्याची गोनी हाय, भरली न् आनली? एकदा बी धाडू दिली नाय मी."

माझा मान राहावा म्हणून त्यानं गाडी पाठवू दिली नाही. माझा मान राहावा म्हणून मी गेले नाही. मानाचं सगळं नीट झालं होतं. भेट तेवढी राहिली होती.

मी म्हटलं, "आण्णा, जाऊ दे ते. मी येते एसटीनं. रोजच्या गाड्या आहेत."

"नगं." काठी आपटून तो म्हणाला. "मी हाय तवर आपल्या पायानं येऊ नगं. भाऊ जिता हाय अन् बहीन एकटी उतरली, असं गावानं बघायचं व्हय?" मग आवाज उतरला. "पिशोरावरनं आता माझ्यानं येनं व्हत नाय, शके. हितं म्हनलं, एवढी बोळ तरी चालवंल. हेच मूळ समज. ऊठ, चल."

मी उठले. तो काठीवर जोर देऊन उभा राहिला, टोपी नीट बसवली आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "पिशवी कुटाय तुजी?"

माझ्या हातात चष्मा-रुमालाची छोटी कापडी थैली होती. ती त्यानं काढून घेतली, खांद्याला अडकवली आणि पुढं चालायला लागला. चुकीच्या बाजूला. लिफ्ट मागं होती. तो पुढं आणि मी मागं, अशी ती अख्खी बोळ आम्ही चाललो. मध्ये तो दोनदा टेकला, मी दोन पावलं मागं थांबले. बोळीच्या शेवटी एक जड दार होतं ते ढकललं तर बोटीचा मागचा उघडा सज्जा. सूर्य बुडाला होता, पण उजेड शिल्लक होता. मागं पाण्यात बोटीनं काढलेली पांढरी वाट लांबवर गेली होती.

"चुकलो जनू," आण्णा म्हणाला.

"नाही. बरोबर आलो," मी म्हटलं.

तिथं किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. संतोष आणि धाकटा भाऊ शोधत आले तेव्हा दोघं आधी रागावले, मग लिफ्टनं वर घेऊन गेले. हॉलात सगळ्यांचे चेहरे उतरलेले, वाजंत्री तशीच बसलेली, केक कापायचा राहिलेला. ज्योती रडली होती. "आत्या, खोलीतला फोन उचलून नुसतं सांगितलं असतंत..." ती म्हणाली. वहिनीनं मात्र आण्णाच्या खांद्यावरची माझी थैली पाहिली, आपली खुर्ची सरकवली आणि मधली जागा दाखवून म्हणाली, "बसा, वन्सं." मी भावाशेजारी बसले. केकवर काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

परत छावणी

मुंबईला उतरण्याआधी सकाळच्या नाश्त्याला आण्णानं मला खुणेनं बोलावलं आणि टेबलाखालून कागदी रुमालात बांधलेलं काहीतरी हातात कोंबलं. नाश्त्याचे छोटे गोल पाव आणि मुरंब्याच्या डब्या. "ह्ये घे. माहेरावरनं मोकळ्या हातानं जाऊ नाय." बोटीवरचं खाणं बाहेर न्यायचं नाही, अशी पाटी त्याच्या मागंच होती.

बसनं मला परत नाक्यावर सोडलं. आण्णाला झोप लागली होती, तोंड उघडं, टोपी तिरकी. संतोष उठवायला निघाला, मी त्याला अडवलं. मला त्याचा निरोप घेता आला नसता. पिशवी खाली देताना संतोष म्हणाला, "आत्या, आखितीला गाडी पाठवू का? मी सांगतो आण्णांना."

"नको रे," मी म्हटलं. "मी जाऊन आले."

तो हसला. त्याला वाटलं मी बोटीबद्दल बोलतेय. बस गेली आणि मी गल्लीत शिरले. हे शेवटचं मूळ, हे मला त्या बोळीतच कळलं होतं. नाक्यापासून घरापर्यंत मी रडत चालले, आणि रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटलं नाही हे बरं झालं.

कुलूप काढते तोवर शेजारच्या बिल्किस आपा त्यांच्या दारात आल्या. माझं लग्न झालं तेव्हापासूनचा शेजार. दर आखितीनंतर माझ्या माहेरच्या शिदोरीतला पहिला वाटा त्यांचा असे, गव्हाच्या कुरडया, ओलं आलं, गुळाची ढेप. मी तिथंच पिशवी उघडली, कागदी रुमाल सोडला आणि दोन पाव त्यांच्या हातावर ठेवले. एव्हाना ते कडक झाले होते.

"ये क्या, बाई?"

"शिदोरी. माहेरून आणली."

आपांनी पाव उलटासुलटा करून पाहिला. "पिशोर में ऐसे पावां कब से बनने लगे? तुम तो समंदर कू गए थे ना?"

"हो."

त्यांनी पाव ओढणीच्या टोकात घेतले आणि हळूच विचारलं, "लेने कू कौन आया था?"

"आण्णा."

"खुद?"

मी म्हटलं, "खुद."